एका हंगामाची चार नाटके

गेल्या जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन गेल्यावरच्या एका संध्याकाळी, आमच्या सांगलीतील छोट्या नाट्यसंस्थेच्या २२ मुलामुलींसमोर मी एक प्रस्ताव मांडला आणि बराच वेळ कोणीच काही बोलले नाही. यंदा एकाही एकांकिका स्पर्धेत उतरायचे नाही. त्याऐवजी जून ते फेब्रुवारी असा सलग हंगाम करायचा, त्यात चार नाटके बसवायची आणि प्रत्येक नाटकाचे किमान ५ प्रयोग करायचे, असा तो प्रस्ताव होता. मुले १६ ते २३ या वयोगटातील. त्यांच्यापैकी बहुतेकांनी नाटक म्हणजे स्पर्धा हेच समीकरण पाहिलेले. शेवटी अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, मग निकाल कधी लागणार?" हा प्रश्न तिने अगदी मनापासून विचारला होता, आणि पुढचे नऊ महिने मी त्याचेच उत्तर शोधत होते असे आता वाटते.

स्पर्धांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा आणि १९६३ मध्ये पुण्यात सुरू झालेला पुरुषोत्तम करंडक यांनी महाराष्ट्राला किती लेखक, नट आणि दिग्दर्शक दिले, याची मोजदाद करणे अवघड आहे. मी स्वतः त्याच वाटेने आले. परंतु एकोणिसाव्या वर्षी मी ज्या एकांकिकेत पहिल्यांदा काम केले, तिची तालीम आम्ही अडीच महिने केली, प्राथमिक फेरीत तिचा एकच प्रयोग झाला, आमचे नाव अंतिम फेरीच्या यादीत आले नाही आणि ती एकांकिका तिथेच संपली. त्या प्रयोगात एका वाक्याला प्रेक्षक अनपेक्षितपणे शांत झाले होते. ती शांतता कशामुळे आली आणि दुसऱ्यांदा ती येईल का, हे तपासून पाहण्याची संधी मला कधीच मिळाली नाही. नटाला खरे शिक्षण मिळते ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या प्रयोगात, हे मला पुढे व्यावसायिक नाटकांच्या विंगेत काम करताना समजले, आणि आपल्या मुलांना ते इतक्या उशिरा कळू नये असे मला फार वाटत होते.

हे सांगलीत बोलायला एक वेगळाच आधार आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' येथेच सादर केले आणि तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भावे नाट्यमंदिरात त्या दिवशी गौरवपदक दिले जाते, त्या समारंभाला आम्ही दरवर्षी मुलांना घेऊन जातो. पण त्या पहिल्या प्रयोगाइतकीच त्यानंतरची हकिगत मला महत्त्वाची वाटते. १८५१ मध्ये आश्रयदाते चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांचे निधन झाले, दरबाराचा आधार सुटला आणि मंडळींना घेऊन भावे दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. सूत्रधार पदे गात असे आणि पात्रे आपली भाषणे बरीचशी जागच्या जागी रचत असत. अशा नाटकाला अनोळखी गावचा, पैसे मोजून आलेला प्रेक्षक रोज काहीतरी शिकवत असला पाहिजे. ही गोष्ट मी मुलांना त्या जूनमधल्या संध्याकाळी सांगितली. तिने त्यांची समजूत पटली असा माझा दावा नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळे तालमीला आले.

हंगामासाठी आम्ही एकच कडक नियम केला. ज्याने एका नाटकात मोठी भूमिका केली असेल, त्याने पुढच्या नाटकात पडद्यामागे काम करायचे. प्रकाशयोजना, प्रॉपर्टी, वेशभूषा, तिकिटे, सतरंज्या, जे वाट्याला येईल ते. या नियमावर दोन पालकांनी नाराजी व्यक्त केली आणि त्यांच्या मुलाच्या बाजूने पाहिले तर ती समजण्यासारखीही होती. मी नियम बदलला नाही. त्याचे फळ कोणत्या रूपात मिळेल, याची कल्पना मात्र मलाही नव्हती.

पहिले नाटक महेश एलकुंचवारांची 'होळी' ही एकांकिका. होळीची सुट्टी न मिळाल्यामुळे वसतिगृहातील मुले चिडतात, तो राग दिवसभर साचत जातो आणि अखेरीस त्यांच्यातल्याच एकावर उलटून त्याचा जीव घेतो. या एकांकिकेला नेपथ्य जवळजवळ लागत नाही आणि मुलगे पुष्कळ लागतात, म्हणून ती निवडली, असे मी तेव्हा सर्वांना सांगितले होते. पहिले दोन प्रयोग शहरातल्या नेहमीच्या नाट्यप्रेमी मंडळींसमोर झाले. त्यांनी योग्य जागी श्वास रोखून धरला, शेवटी टाळ्या वाजवल्या, नंतर मुलांना जवळ घेऊन कौतुक केले. तिसरा प्रयोग मात्र एका खऱ्या वसतिगृहाच्या जेवणघरात होता. बाहेर पाऊस, वरती पत्रा, टेबले भिंतीला लावून मोकळी केलेली जागा, आणि समोर जमिनीवर बसलेली दीडशेच्या आसपास मुले.

त्या मुलांनी सुरुवातीच्या प्रत्येक शिवीला दाद दिली, हे अपेक्षितच होते. पण त्या एका मुलाचा छळ सुरू झाला तेव्हाही ते हसत राहिले. शिट्ट्या वाजल्या, मागून कोणीतरी त्याला आणखी त्रास कसा द्यावा याची सूचनाही ओरडून केली. आमचे नट गोंधळले. टोळीच्या म्होरक्याचे काम करणारा मुलगा त्या हशाने चढला आणि त्याने तालमीत कधीही नसलेला एक धक्का जोरात दिला. समोरच्याचे कोपर फरशीवर आपटले. मी दाराजवळ उभी होते आणि प्रयोग थांबवावा की काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मग हळूहळू हसणे विरत गेले. ते एकदम थांबले नाही. पुढच्या रांगेतले आधी गप्प झाले, नंतर मधले, आणि अगदी शेवटपर्यंत मागच्या भिंतीपाशी बसलेले चार-पाच जण हसत होते, तेही आपलेच हसू आपल्याला एकट्याला ऐकू येऊ लागल्यावर थांबले. प्रयोग संपल्यावर टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. काही मुले उठून तशीच निघून गेली. एक जण मात्र सतरंज्या गोळा होईपर्यंत थांबला आणि मग मार खाणाऱ्या मुलाचे काम केलेल्या आमच्या नटाचा हात फक्त धरून उभा राहिला.

परतीच्या टेम्पोत कोणी गाणी म्हटली नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही तालीम न करता नुसते बोललो. म्होरक्या म्हणाला, "ताई, ते हसत होते तेव्हा मला भारी वाटत होतं. मी विसरलोच की हे नाटक आहे." मी त्याला रागावले नाही. तो जे सांगत होता, तोच त्या एकांकिकेचा गाभा आहे, आणि दहा वेळा समजावूनही मला तो त्याच्यापर्यंत पोचवता आला नव्हता. शहरातल्या जाणत्या प्रेक्षकांसमोर आम्ही पन्नास प्रयोग केले असते तरीही तो पोचला नसता असे मला वाटते. त्यानंतर आम्ही धक्क्याची जागा नव्याने बांधली, कोणाचा हात कुठे लागेल हे मोजून ठरवले, आणि चौथ्या व पाचव्या प्रयोगात तो मुलगा छळाच्या प्रसंगात पूर्वीपेक्षा कितीतरी शांत झाला. ते पाहणे जास्त भीतिदायक होते.

दुसरे नाटक बालनाट्य होते, रत्नाकर मतकरींचे 'अलबत्या गलबत्या', आणि त्याविषयी मी थोडक्यात सांगते, कारण तो काळ आमच्यासाठी आनंदाचा होता आणि आनंदाविषयी फारसे सांगता येत नाही. दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली चेटकीण करायला कोण धजेल, असा प्रश्न होता. 'होळी'त फक्त दोन वाक्ये वाट्याला आलेला एक अबोल मुलगा पुढे आला. आम्ही हे नाटक जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये, व्हरांड्यात आणि मैदानात केले, जिथे विंग म्हणजे दोन बांबूंना बांधलेली चादर. लहान मुलांइतका निर्भीड प्रेक्षक दुसरा नाही. लय एका क्षणासाठी सुटली की ती शेजाऱ्याशी बोलू लागतात, आणि लय सापडली की राजकन्येला सावध करण्यासाठी उठून उभी राहतात. एका गावी चेटकीण पाहून पुढे बसलेली एक लहान मुलगी इतकी रडू लागली की आमच्या अबोल चेटकिणीने स्वतःहून आवाज उतरवला, त्या मुलीकडे पाठ केली आणि पुढचा सगळा प्रवेश मैदानाच्या दुसऱ्या बाजूकडे तोंड करून केला. असे करायला त्याला कोणी शिकवले नव्हते. एकाही हालचालीची तालीम नसताना त्याने तो प्रवेश पेलला आणि गोष्ट कुठेही अडली नाही.

पावसाळा सरला आणि आम्ही विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हातात घेतले. १९६७ मध्ये 'रंगायन' या नाट्यसंस्थेने हे नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठी उभे केले, अरविंद देशपांडे यांनी ते बसवले आणि सुलभा देशपांडे यांनी नायिका बेणारे साकारली, हे मराठी नाट्यरसिकांना सांगायला नको. मला ते करावेसे वाटले त्याचे कारण वेगळे होते. ते आमच्यासारख्याच एका हौशी मंडळाचे नाटक आहे. परगावी प्रयोगाला आलेली मंडळी, रिकामा हॉल, रात्रीच्या प्रयोगापर्यंत घालवायचा वेळ, न आलेल्या नटाच्या जागी उभा केलेला गावातलाच सामंत, आणि वेळ घालवण्यासाठी, बेणारेला आरोपी करून, खेळ म्हणून सुरू झालेला खटला. आमच्या मुलांनी चार महिन्यांत असे अनेक हॉल पाहिले होते. पहिल्या वाचनाला पहिल्या अंकातल्या कुरबुरींवर ती खळखळून हसली, कारण कोण उशिरा आले, कोणी काय विसरले, या प्रकारची भांडणे त्यांची रोजची होती.

बेणारे आणि मिसेस काशीकर या भूमिका आम्ही दोन मुलींना आलटूनपालटून दिल्या. एका प्रयोगात जी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहील, तिनेच पुढच्या प्रयोगात त्या आरोपीला पिंजऱ्याकडे खेचायचे. दिग्दर्शनाच्या दृष्टीने हे जोखमीचे होते आणि त्यामुळे आमचा तालमीचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला, परंतु मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. शेवटचे दीर्घ स्वगत दोघींनी अगदी वेगळ्या रीतीने केले. एकीचा राग प्रेक्षकांकडे होता. दुसरी ते स्वगत जवळजवळ स्वतःशीच, पर्समधून निघालेल्या टिक-ट्वेंटी या विषारी कीटकनाशकाच्या बाटलीकडे पाहत बोलत असे, आणि शेवटी सामंत हिरवा कापडी पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो तेव्हा तिची बोटे किंचित हलत. आधीच्या प्रयोगात मिसेस काशीकर म्हणून आपण हिच्याशी कसे वागलो, हे तिला आठवत असावे, असा माझा समज होता. मी तिला तसे कधी विचारले नाही.

आणि दाराची कडी. हे नाटक ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवत असेल की बेणारे निघून जाऊ पाहते, आतली कडी काढते, पण दार उघडत नाही, कारण बाहेरून कडी पडलेली असते. आमच्याकडे दाराची चौकट हलकी, प्लायवूडची होती आणि ती ओढल्यावर उघडू नये म्हणून पलीकडून एकाने धरून ठेवावी लागे. हे काम प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याकडे आले आणि नियमाप्रमाणे प्रॉपर्टी 'होळी'तल्या म्होरक्याकडे होती. प्रत्येक प्रयोगात तो अंधारात उकिडवा बसून, दोन्ही हातांनी ती चौकट घट्ट धरून ठेवत असे, आणि पलीकडून बेणारे करणारी मुलगी सगळ्या ताकदीने ती ओढत असे. तिसऱ्या प्रयोगानंतर सामान भरताना तो मला म्हणाला, "ताई, ती ओढते तेव्हा मला दार सोडून द्यावंसं वाटतं." 'होळी' आणि 'शांतता!' ही नाटके मी एकाच हंगामात का ठेवली, एका घोळक्याने एकाला कोपऱ्यात घेण्याच्या या दोन गोष्टी एकामागोमाग का यायला हव्या होत्या, हे मी एखाद्या व्याख्यानात मांडले असते तर अर्ध्या मुलांनी जांभया दिल्या असत्या. त्याला ते चौकटीच्या मागे बसून समजले.

कागदपत्रांचा आणि पैशांचा विषय मी येथे लांबवत नाही. लेखकांची किंवा त्यांच्या वारसांची रीतसर परवानगी, मानधन, जिथे लागते तिथे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, नाट्यगृहाचे भाडे, टेम्पो, या सगळ्याची वही दोन मुली सांभाळत होत्या आणि ती वही प्रत्येक महिन्याच्या शेवटी सर्वांसमोर वाचली जात असे. हंगामाच्या शेवटी आमच्याकडे शिल्लक उरली नाही आणि देणेही उरले नाही. तरुणांच्या संस्था पुष्कळदा हिशोबापाशी तुटतात, असा माझा अनुभव आहे, म्हणून एवढे तरी नमूद करावेसे वाटले.

चौथे नाटक आमचे स्वतःचे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, ही गोष्ट सांगलीत शाळकरी मुलालाही पाठ असते. आमची बहुतेक मुले तेव्हा पाचवी ते आठवीत होती. कोणी गच्चीवर तीन रात्री काढल्या होत्या, कोणी नातेवाइकांकडे मिरजेला राहिले होते, एकीच्या घरातला सगळ्यात मोठा तोटा म्हणजे भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो होते. डिसेंबरभर त्यांनी हरिपूर, सांगलवाडी, भिलवडी येथे जाऊन लोकांशी बोलून वह्या भरल्या आणि जानेवारीत त्यातून दीड तासाचे नाटक उभे राहिले. यात नायक नाही, खलनायकही नाही. एक गल्ली आहे आणि रात्रभर चढत जाणारे पाणी आहे. पाणी कसे दाखवायचे यावर पुष्कळ वाद झाले. निळे कापड हलवावे, ही सूचना मी पहिल्याच दिवशी नाकारली. अखेर प्रकाशयोजना पाहणाऱ्या मुलीने मार्ग काढला: रंगमंचावरच्या सामानावर खडूच्या रेषा ओढायच्या आणि प्रत्येक प्रवेशानंतर एका नटाने येऊन, काहीही न बोलता, रेषा एक वीत वर सरकवायची. आधी ती खाटेच्या पायावर असते, मग चुलीवर, मग मुलांच्या दप्तरांवर, शेवटी देवघरावर.

पहिला प्रयोग भावे नाट्यमंदिरात झाला आणि तो चांगला झाला. पण मला सांगायचे आहे ते तिसऱ्या प्रयोगाविषयी, जो नदीकाठच्या एका गावात, देवळासमोरच्या पटांगणात झाला. प्रेक्षकांतल्या बहुतेकांच्या घरांत ते पाणी शिरलेले होते. दुसऱ्या प्रवेशात पाणी उंबऱ्याला लागते आणि आईचे काम करणारी मुलगी घाईघाईने भांडी व धान्याची पोती माळ्यावर चढवते, असे आम्ही बसवले होते. प्रयोग संपल्यावर साठीच्या पुढच्या एक बाई, डोक्यावरचा पदर सावरत, थेट त्या मुलीकडे आल्या. "लेकी, झ्याक केलंस," त्या म्हणाल्या, "पण असं नव्हतं झालं. पाणी उंबऱ्याला लागलं तवा आम्ही आधी गोठ्यात पळालो. दावी सोडली म्हसरांची. भांड्यांकडं कुणाचं ध्यान हुतं?" मुलीने विचारले, "सगळी सोडली का, आजी?" त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एकीची गाठ सुटंना." एवढे सांगून त्या घरी गेल्या.

आमच्याकडच्या वह्यांमध्ये जनावरांचा उल्लेख होता. तो आम्हीच वगळला होता, कारण रंगमंचावर म्हैस कशी दाखवायची हा प्रश्न सुटत नव्हता. त्या रात्री टेम्पो न भरता मुले पटांगणातच बसून राहिली. चौथ्या प्रयोगाला दोनच दिवस होते. भांडी आणि पोती काढून टाकली. आता पाणी उंबऱ्याला लागते तेव्हा ती मुलगी रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात धावत जाते, जिथे पाच खुंट्यांना पाच दोर बांधलेले आहेत, आणि एकेक गाठ सोडू लागते. चार गाठी सुटतात. पाचवीशी ती झगडत असतानाच खडूची रेषा सरकवणारा नट आत येतो, तिच्या शेजारी उभा राहतो आणि तिचे काम संपण्याची वाट न पाहता रेषा एक वीत वर ओढून निघून जातो. पाचवा प्रयोग फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी झाला, आणि त्यातही ती गाठ आम्ही खरोखरच घट्ट बांधली होती.